अळंबी कपाटात ठेवताना

श्रोतेहो, नमस्कार.

आज ज्या वस्तूबद्दल बोलणार आहे ती खरं तर हातात धरून दाखवायला हवी, आणि रेडिओवर नेमकं तेवढंच जमत नाही. पण तुम्ही ती पाहिलेली आहे. मृगाचे चार पाऊस पडले की उकिरड्यावर, कुजक्या ओंडक्यावर, वारुळाच्या कडेला रातोरात उगवते ती. कुणी भूछत्र म्हणतं, कुणी अळंबी. आम्ही पोरं कुत्र्याची छत्री म्हणायचो आणि लाथ मारून पुढे जायचो. गोव्यात वारुळाची अळंबी ओळमी म्हणून बाजारात येते आणि तिला भावही चांगला मिळतो.

मी कोकणातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होतो. बुरशी ही वनस्पती नव्हे हे आम्हालाही ठाऊक होतं. पण तिला ठेवून घेणारा दुसरा विभाग नव्हता. एका पावसाळ्यात मनात आलं, आपल्याकडे काचेचं एक कपाट रिकामं आहे, त्यात आपल्या रानातल्या अळंब्या मांडू या. फुलं दाबून ठेवतात, फुलपाखरं टाचून ठेवतात, मग अळंबीनंच काय घोडं मारलंय?

पहिल्या दिवशी मुलांनी चाळीसेक नग गोळा केले आणि मी शहाण्यासारखे ते प्लास्टिकच्या पिशव्यांत भरले. अळंबीत दहातले नऊ भाग पाणीच असतं. दुपारपर्यंत पिशव्यांना आतून घाम फुटला, संध्याकाळी कॉलेजात पोहोचेपर्यंत अर्ध्या मालाचा लगदा. उरलेल्यातल्या काही फॉर्मालिनच्या बरण्यांत बुडवल्या, काही वाळवून पाकिटांत घातल्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर कपाट उघडलं, तर बरण्यांतली लाल, पिवळी, जांभळी, सगळी मंडळी एकाच रंगाची झालेली: कपात राहून गेलेल्या चहाच्या. पाकिटांमधल्यांचं बारीक भुंगेऱ्यांनी पीठ पाडलं होतं. एकच पाकीट शाबूत निघालं, नंबर 17. आत एक पुरी अळंबी, टोपी, दांडा, दांड्यावरची बांगडी, सगळं जागच्या जागी. पाकिटावर नुसता आकडा. त्या आकड्यासमोरची नोंद वहीत होती, वही शाईनं लिहिलेली होती आणि वहीवर पाऊस पडून गेला होता. ती कुठल्या झाडाखाली सापडली, ताजी असताना कुठल्या रंगाची होती, कुणालाच सांगता येईना.

त्या वर्षापासून मी पेन्सिल वापरतो.

गंमत सोडा, पण मुद्दा तोच आहे. अळंबी वाळते तेव्हा तिच्यातलं पाणीच नुसतं जात नाही. रंग जातो, वास जातो, टोपीचा बुळबुळीतपणा जातो. काही जाती चिरल्या की बघता बघता निळ्या पडतात; हे निळेपण चिरल्या जागीच टिपलं नाही तर पुढे कुठलंही यंत्र ते परत आणून देणार नाही. म्हणून रानात गुडघे टेकून बसल्या बसल्याच लिहायचं: तारीख, जागा, शेजारचं झाड, माती की लाकूड की शेण, रंग, वास. वास लिहिताना लाजू नये. आमच्या वहीत ‘ओल्या कणकेसारखा’, ‘जुन्या गोणपाटाचा’ असे वास आहेत, आणि एका मुलीनं ‘मामाच्या माळ्यावरचा’ असं लिहिलंय. मामाचं गाव कुठलं ते विचारून घेतलं, पण नोंद तशीच ठेवली.

उपटायची मात्र नाही. खुरपं घालून बुडासकट उचलायची. अमानिटा नावाच्या विषारी अळंब्यांच्या दांड्याच्या तळाशी वाटीसारखा एक पेला असतो, तो मातीत राहिला तर ओळख पटवायची मुख्य खूणच गेली. रोवणाची तऱ्हा त्याहून वेगळी. कोकणात जिला रोवण म्हणतात ती वाळवीच्या घरातून येते. वाळवी पालापाचोळा चावून आत या बुरशीची चक्क शेती करते आणि पावसाळ्यात त्या शेतीतून छत्र्या वर येतात. या प्रजातीला टर्मिटोमायसिस हे नाव रॉजे एम या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1942 साली दिलं. आपल्या बायाबापड्या ती त्याच्या कितीतरी आधीपासून कालवणात घालत आल्या आहेत. तिचा दांडा जमिनीखाली मुळासारखा निमुळता होत थेट वाळवीच्या घरापर्यंत जातो. तो अखंड काढायला आम्ही दोघं तासभर पालथे पडून माती उकरत होतो. एक आजी वाटेनं चालल्या होत्या, म्हणाल्या, ‘‘मास्तर, खायचा भाग वर असतो.’’

घरी आणायच्या त्या टोपलीतून, प्रत्येक नग कागदाच्या वेगळ्या पुडीत. आणि घरी आल्यावर पहिलं काम वाळवण्याचं नाही, ठसा घेण्याचं.

हे तुम्ही आज रात्रीही करू शकाल. एका कागदाचा अर्धा भाग काळा करा, अर्धा पांढरा ठेवा. अळंबीचा दांडा कापून टोपी त्यावर पालथी ठेवा, म्हणजे खालचे ते पुस्तकाच्या पानांसारखे कल्ले कागदाकडे येतील. वर पाण्याचा एक थेंब सोडा, काचेचा पेला उपडा झाका आणि झोपा. सकाळी टोपी उचललीत की कागदावर किरणांसारख्या रेघांचं चित्र उमटलेलं दिसेल. ते लाखो बीजाणू, म्हणजे अळंबीचं बीच म्हणा. पांढरे, गुलाबी, विटकरी, जांभळट काळे, ज्या त्या जातीप्रमाणे. हिरवळीवर पावसात गोल रिंगण करून एक देखणी अळंबी उगवते, पांढरी टोपी आणि तिच्यावर तपकिरी खवले. खाण्याजोग्या जातींशी तिचं इतकं साम्य, की भले भले फसतात. तिचा ठसा हिरवा येतो, मळकट शेवाळी हिरवा. ती क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस, खाल्ली तर पोट धरून उलट्या करायला लावणारी. आमच्या कपाटात लोक सगळ्यात जास्त वेळ थांबतात ते त्या हिरव्या ठशापुढे, अळंबीपुढे नाही. ठसा पुसू नये म्हणून त्यावर लांबून हेअर स्प्रेचा हलका फवारा मारायचा, वर काच.

आता वाळवणं. श्रावणात ऊन कुठलं आलंय? मी लाकडी खोका घेतला, तळाशी साठ वॅटचा एक बल्ब, मध्ये तारेची जाळी, वरती हवा जायला भोकं. आत चाळीस-पंचेचाळीस अंश राहिले पाहिजेत. त्याहून जास्त झालं तर अळंबी शिजते, कमी पडलं तर आतल्या अळ्यांची चैन. दुसऱ्या दिवशी ती पापडासारखी कट्‌कन मोडली की झाली. मग हवाबंद डब्यात सिलिका जेलचे निळे दाणे टाकून ठेवायची. दाणे गुलाबी पडले की दमट हवा शिरली असं समजायचं. कपाटात ठेवण्याआधी आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये, भुंगेऱ्यांच्या अंड्यांचा बंदोबस्त म्हणून. हा फ्रीझर स्वयंपाकघरातला नसावा हे मी अनुभवावरून सांगतो. घरी त्या विषयावर दोन दिवस अबोला होता.

असं वाळवलेलं रूप सुरकुतलेलं, मातकट, अगदीच गरीब दिसतं हे खरं. पण पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतला आजरेकर यांच्या नावाचा बुरशीसंग्रह पाहा, बुरशीतज्ज्ञ बटलरसाहेबांनी 1905 मध्ये बिहारातल्या पुसा इथं सुरू केलेला आणि पुढे दिल्लीला नेलेला संग्रह घ्या, की लंडनमधल्या क्यू इथले साडेबारा लाखांवर नमुने घ्या. सगळीकडे मुख्यतः अशी वाळकी पाकिटंच असतात. त्यांतून वर्षानुवर्षांनीही डीएनए काढता येतो. फॉर्मालिन मात्र डीएनएची नासाडी करतं. म्हणजे आमच्या त्या दिमाखदार बरण्या रंगानंही गेल्या आणि कामानंही.

मग लोकांना दाखवायचं काय? हा प्रश्न जुना आहे. दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये जेम्स सॉवर्बी नावाच्या चित्रकारानं अळंब्यांच्या दोनशेच्या आसपास प्रतिकृती मातीच्या केल्या, रंगवल्या आणि आपल्या घरातच मांडल्या, लोकांना खाण्याच्या आणि विषारी ओळखता याव्यात म्हणून. त्या आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत. आमच्याकडे गणपतीचा कारखाना चालवणाऱ्यांचा मुलगा वर्गात होता. त्याला शाडू दिला, समोर ताजी अळंबी ठेवली. त्याच्या तीन अळंब्या अजून कपाटात आहेत आणि त्यांच्या टोपीला बाप्पाच्या गालाची चमक आहे, ती काही त्याला घालवता आली नाही.

काही अळंब्या तर दाखवायच्या त्या जिवंतच. उकिरड्यावरची शाईची छत्री सकाळी पांढरी असते, काही तासांत कडेपासून विरघळत काळी शाई होऊन ठिबकते. तिच्याखाली बशी ठेवून द्यायची. प्रदर्शन आपोआप चालतं. तिचं लेबल आम्ही तिच्याच शाईनं लिहिलं. बांबूच्या बेटात जाळीचा झगा घातलेली एक असते, आधी कोंबडीच्या अंड्यासारखी. ते अंडं ओल्या वाळूत ठेवलं तर ती डोळ्यांसमोर उमलते. मी ते स्टाफरूममध्ये ठेवून तासाला गेलो. तिच्या टोपीवरच्या चिकट्याला माश्यांना बोलावणारा सडका वास असतो, ते शिकवताना मला आठवत होतं, ठेवताना नाही.

एवढं ऐकून उद्या कुणी टोपली घेऊन निघेल, म्हणून दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. विषारी अळंबीला हात लावल्यानं काही होत नाही, खाल्ल्यानं होतं. चांदीचा चमचा काळा पडतो, किड्यानं खाल्लेली चालते, या परीक्षा खोट्या आहेत. घातक अमानिटाचं विष शिजवून जात नाही आणि त्रास सुरू व्हायला सहा-बारा तास, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो; तोवर माणूस निर्धास्त असतो. आणि अभयारण्यातून परवानगीवाचून काही उचलायचं नाही. तिथं फोटो काढा.

मी निवृत्त झालो तेव्हा कपाटाच्या किल्ल्या देताना नव्या बाईंनी एकेक खण तपासून घेतला. 17 नंबरपाशी थांबल्या. ‘‘सर, याच्यावर माहिती काहीच नाही. काढून टाकू?’’ मी म्हटलं, राहू द्या. त्यांनी पेन्सिलनं खाली लिहिलं, ‘ठिकाण माहीत नाही’, आणि पाकीट परत खणात ठेवलं.

नमस्कार.