सरस्वतीच्या बेटावर : बिवा तलावाकाठचा एक दिवस

[दृश्य : पहाट. तलावावर धुकं. पाण्यातून वर आलेली लाल कमान.]

निवेदन :

जपानमधला सर्वांत मोठा तलाव, बिवा. क्षेत्रफळ सुमारे 670 चौरस किलोमीटर, किनारा जवळपास 235 किलोमीटर, आणि सर्वांत खोल जागी 104 मीटर पाणी. शिगा प्रांताचा सहावा हिस्सा या एका तलावाने व्यापलाय. बिवा हे वीणेच्या कुळातल्या एका तंतुवाद्याचं नाव. तलावाचा आकार त्या वाद्यासारखा, म्हणून त्याला हे नाव पडलं असं सांगतात. आणि या पाण्याच्या उत्तर भागात चिकुबुशिमा नावाचं जे छोटं बेट आहे, तिथे बसलेल्या देवीच्या हातातही हेच वाद्य असतं. ती देवी म्हणजे आपली सरस्वती.

क्योतोहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल अशी ही फेरी आहे. पश्चिम काठाने उत्तरेकडे जायचं, बोटीने तलाव ओलांडायचा, वाटेत बेटावर उतरायचं आणि पूर्व काठाने परतायचं. या दिवसाचं वेळापत्रक बोट ठरवते. म्हणून आधी बोटीची वेळ नक्की करा आणि बाकीचा दिवस तिच्यामागे उलटा बांधत या. आधी देवळं आणि मग उरलेल्या वेळात बोट, असं करणाऱ्यांचं बेट हमखास हुकतं.

[दृश्य : क्योतो स्टेशन. फलाटावरची पाटी.]

पहिली चूक क्योतो स्टेशनातच होते. इथून तलावाकडे दोन रेल्वेमार्ग जातात. पश्चिम काठाने जाणारा कोसेई मार्ग आणि पूर्व काठाने जाणारा बिवाको मार्ग. नावात ‘बिवा’ दिसलं की नवखा माणूस दुसऱ्या गाडीत चढतो. यामाशिनाच्या पुढे दोन्ही रूळ वेगळे होतात आणि तो तलावाच्या भलत्याच बाजूला पोचतो. सकाळी आपल्याला कोसेई मार्ग हवा. पाटीवर ओमी-इमाझू किंवा त्सुरुगा लिहिलेलं असलं तरी गाडी ‘कोसेई मार्गे’ जाते ना, ते पाहूनच चढा.

या मार्गाचा शत्रू म्हणजे वारा. डाव्या हाताला हिरा पर्वतरांग तलावाच्या अगदी काठाशी उभी आहे. तिचं सर्वांत उंच शिखर 1214 मीटरचं. डोंगरावरची थंड हवा त्या तीव्र उतारावरून घसरत थेट तलावावर कोसळते. तिला ‘हिरा-ओरोशी’, म्हणजे हिराचा उतरता वारा म्हणतात. 1974 साली सुरू झालेला हा लोहमार्ग बराचसा उंच पुलांवरून जातो, त्यामुळे गाडीला आडोसा नसतो. वाऱ्याचा वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की गाड्या थांबवतात. हिवाळ्यात आणि मार्चअखेरीस हे जास्त घडतं. गाड्या बंद असतील तर बिवाको मार्गाने सरळ नागाहामा गाठावं आणि तिथून बेटाची बोट धरावी. मात्र वारा इतका असेल तर बोटीही बंद असू शकतात. म्हणून सकाळी खोली सोडण्यापूर्वी रेल्वेची आणि बोट कंपनीची त्या दिवसाची सूचना, दोन्ही पाहून घ्या.

[दृश्य : काताता. पाण्यावर खांबांवर उभं छोटं देऊळ.]

काताताला तलावाची चिंचोळी कमर आहे. इथे पाण्यात खांबांवर उभं असलेलं उकिमिदो, म्हणजे तरंगतं मंदिर. दहाव्या शतकाच्या शेवटी गेनशिन या भिक्षूने ते उभारलं अशी परंपरा आहे. तलावावरच्या प्रवासाला अभय मिळावं म्हणून आत अमिदा बुद्धाच्या हजार मूर्ती बसवल्या. आज दिसतं ते बांधकाम 1937 चं. आधीचं मंदिर 1934 च्या मुरोतो वादळाने पाडलं. पाहायला वीस मिनिटं पुरतात. रेल्वेने फिरत असाल आणि दुपारची बोट धरायची असेल, तर उकिमिदो खुशाल सोडा. भाड्याची बस असेल तरच इथे थांबणं परवडतं.

[दृश्य : शिराहिगे देवस्थान. महामार्ग, ट्रक, पलीकडे पाण्यात तोरी, म्हणजे देवस्थानाची कमान.]

शिराहिगे म्हणजे पांढरी दाढी. देव सारुताहिको, वाट दाखवणारा. लोक त्याच्याकडे दीर्घायुष्य मागतात. मुख्य मंदिर 1603 चं, सोळाव्या शतकातला जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याचा मुलगा हिदेयोरी याने बांधलेलं. पण गर्दी असते ती समोरच्या कमानीसाठी. काठापासून 58 मीटरवर, थेट तलावात उभी असलेली ही लाल तोरी. पूर्वी अशी कमान पाण्यात होती, ही आख्यायिका धरून 1937 साली ती उभारली गेली आणि 1981 साली पुन्हा बांधली. मियाजिमाची समुद्रातली तोरी ओहोटीला कोरडी पडते आणि तिच्यापर्यंत चालत जाता येतं. इथे भरती-ओहोटी नाही, त्यामुळे कमान कायम पाण्यात.

आता नीट ऐका. देऊळ आणि तलाव यांच्यामधून राष्ट्रीय महामार्ग 161 जातो. वाहनं वेगात असतात आणि देवळासमोर रस्ता ओलांडायची सोय नाही. फोटोसाठी पळत रस्ता ओलांडणाऱ्यांचे इथे अपघात झालेत. कमान पाहायला देवळाच्या आवारातच उंच सज्जा बांधलाय. तिथूनच पाहा, फोटोही तिथूनच काढा. दोन मिनिटांच्या चित्रासाठी रस्ता ओलांडू नका.

फोटोचं म्हणाल, तर कमान पूर्वेला आहे. सकाळी सूर्य तिच्या मागे असतो, त्यामुळे ती काळी आकृती होऊन येते. पहाटे तेच सुंदर दिसतं. लाल रंग हवा असेल तर दुपारनंतरचा उजेड लागतो. जवळचं स्टेशन ओमी-ताकाशिमा. तिथून चालत साधारण चाळीस मिनिटं, टॅक्सीने पाच. परतीची टॅक्सी जाताना सांगून ठेवा, कारण रस्त्यावर हात दाखवून इथे टॅक्सी मिळत नाही.

[दृश्य : हात धुण्याचं कुंड. हातांचा जवळून फोटो.]

दिवसातलं हे पहिलं शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचं देवस्थान, म्हणून रीत इथेच शिकून घेऊ. कमानीतून जाताना थोडं वाकायचं आणि वाटेच्या कडेने चालायचं. मधली वाट देवाची. कुंडापाशी पळी उजव्या हातात घ्यायची. आधी डावा हात धुवायचा, मग पळी बदलून उजवा. पुन्हा पळी उजव्या हातात घेऊन डाव्या तळव्यात पाणी ओतायचं आणि त्या पाण्याने चूळ भरायची. पळीला ओठ लावायचे नाहीत. डावा हात पुन्हा एकदा धुवायचा. शेवटी पळी उभी धरायची, म्हणजे उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळून तो धुतला जातो. हे सगळं एका पळीभर पाण्यात व्हायला हवं. देवासमोर नाणं टाकून दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, मग एकदा वाकायचं. बौद्ध मंदिरात मात्र टाळ्या नाहीत, फक्त हात जोडायचे. बेटावर दोन्ही शेजारी शेजारी आहेत आणि तिथेच पाहुण्यांची गफलत होते.

[दृश्य : इमाझू बंदर. बोट सुटते.]

ओमी-इमाझू स्टेशनापासून धक्का पाच मिनिटांच्या अंतरावर आहे. इथे तिकीट मागताना नीट सांगा : इमाझूहून चढणार, बेटावर उतरणार आणि पलीकडे नागाहामाला जाणार. हे आरपार तिकीट. परतीचं तिकीट काढलंत तर पुन्हा इमाझूलाच यावं लागेल. बेटावर हिकोनेहूनही बोटी येतात, पण त्या वेगळ्या कंपनीच्या. तिकीट एकमेकांत चालत नाही. धक्क्यावर बोट लागली म्हणून चढू नका; ती कुठल्या बंदराची आहे ते विचारा. थंडीच्या महिन्यांत फेऱ्या कमी होतात. गट बसने आला असेल तर प्रवासी बोटीत बसतात आणि बस रिकामी, तलावाचं उत्तर टोक वळून नागाहामाला जाऊन थांबते. सामान बसमध्येच ठेवा.

पंचवीस मिनिटांत चिकुबुशिमा समोर येतं. घेर जेमतेम दोन किलोमीटर, सगळीकडून खडकाळ कडे, वर गर्द झाडी. इथे कायमची वस्ती नाही. मंदिरातली आणि दुकानांतली माणसंसुद्धा रोज बोटीने येतात-जातात. म्हणून शेवटची बोट हुकणं म्हणजे नुसता उशीर नव्हे. रात्री राहायला बेटावर जागाच नाही.

दोन बोटींच्या मध्ये साधारण सव्वा तास मिळतो. तेवढ्यात बेट पाहून होतं, पण क्रम योग्य हवा. आधी वर चढायचं, मग उतरत उतरत बाकीचं पाहायचं.

[दृश्य : सरळ वर जाणाऱ्या दगडी पायऱ्या.]

धक्क्यापासून होगोन-जी या बौद्ध मंदिरापर्यंत 165 पायऱ्या आहेत. चढ उभा आहे आणि पायऱ्यांची उंची सारखी नाही. वरपर्यंत नेणारं वाहन नाही, उद्वाहन नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी खालून उजवीकडे वळून त्सुकुबुसुमा या शिंतो देवस्थानाकडे जावं. तिथेही पायऱ्या आहेत, पण कमी. पावसात दगड निसरडे होतात, तेव्हा चपला नकोत, तळव्याला पकड असलेले बूट घाला.

वर बेन्झाइतेनचं, म्हणजे जपानी सरस्वतीचं सभामंदिर आहे. परंपरेप्रमाणे 724 साली सम्राट शोमूच्या आज्ञेने ग्योकी या भिक्षूने इथे देवीची स्थापना केली. ‘सुवर्णप्रभास सूत्र’ या संस्कृत बौद्ध ग्रंथात सरस्वतीचं स्तोत्र आहे. ते चिनी भाषांतरातून जपानला पोचलं आणि त्याबरोबर देवीही गेली. त्या सूत्रात ती अष्टभुजा आहे, हातात शस्त्रं असलेली. म्हणून काही जपानी मूर्ती पाहताना मराठी माणसाला सरस्वतीपेक्षा देवीच्या नवरात्रातलं रूप आठवतं. नंतर दोन हातांची, बिवा वाजवणारी बेन्झाइतेन लोकप्रिय झाली. ‘बेन्’ म्हणजे वाक्, वाणी. पुढे नावातलं मधलं अक्षर ‘बुद्धी’ऐवजी ‘धन’ असंही लिहू लागले आणि विद्येच्या देवीकडे लोक पैसाही मागू लागले. तिच्या मुकुटावर पाहा. छोटी तोरी आणि तिच्याखाली म्हाताऱ्या माणसाचं डोकं असलेला साप दिसेल. तो उगाजिन, धान्याचा आणि पाण्याचा जपानी देव. सरस्वती मुळात नदी. जपानमध्येही ती पाण्याजवळच राहिली.

गाभाऱ्यातली मुख्य मूर्ती दिसत नाही. ती 60 वर्षांतून एकदाच उघडतात. पुढची वेळ 2037 साली.

इथे देवीच्या आकाराच्या लहान दारुमा बाहुल्या मिळतात. कागदावर मागणं लिहून बाहुलीच्या पोटात घालायचं आणि तिथेच देवीपुढे ठेवायचं. रांगांनी मांडलेल्या त्या चेहऱ्यांचा रंग आणि भाव हाताने काढलेला, म्हणून प्रत्येक थोडी वेगळी.

[दृश्य : कारामोन. रंगवलेलं कोरीवकाम.]

आता उतरा. वाटेत कारामोन लागतं, राष्ट्रीय ठेवा म्हणून नोंदलेलं दार. इथे दहा मिनिटं तरी द्या. ओसाकाच्या किल्ल्यात तोयोतोमी हिदेयोशीने गोकुराकुबाशी, म्हणजे स्वर्गपूल बांधला होता, छत आणि नक्षीदार दार असलेला. हा त्याच पुलाचा अवशेष मानला जातो. तो आधी क्योतोच्या तोयोकुनी देवस्थानात गेला आणि 1603 च्या सुमारास हिदेयोरीने इथे आणवला. 1615 साली ओसाकाचा किल्ला जळाला. हिदेयोशीच्या किल्ल्याची उभी राहिलेली वास्तू म्हणून आज याच दाराकडे बोट दाखवतात. तो पूल कसा दिसे, हे ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरातल्या एगेनबेर्ग राजवाड्यात सापडलेल्या जपानी चित्रपडद्यावर दिसतं. मोर, फिनिक्स, पिओनीची फुलं. काळ्या लाखेवर रंग आणि सोनेरी पत्रे. अलीकडच्या दुरुस्तीनंतर हे रंग पुन्हा उजळलेत.

दारातून आत कान्नोनचं, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाचं मंदिर. सायगोकू यात्रेतल्या 33 ठिकाणांपैकी हे तिसावं. यात्रेकरू इथे वहीत शिक्का आणि हस्ताक्षर घेतात, त्याला गोशुइन म्हणतात. आधी दर्शन, मग वही. रांग मोठी असेल तर वही देऊन ठेवा आणि क्रमांक घ्या, कारण वेळ इथेच जातो. पैसे रोख द्यावे लागतात. मोठी नोट नको, सुटी नाणी ठेवा.

मंदिरातून निघतो तो लाकडी बोळ. फुनारोका, म्हणजे नौका-ओसरी. हिदेयोशीच्या ‘निहोनमारू’ जहाजाच्या लाकडातून ती बांधली अशी आख्यायिका आहे. ओसरी उतारावर उंच लाकडी खांबांवर उभी आहे. खाली उतरून मागे वळून पाहिलं, तरच ते खांबांचं जाळं दिसतं. आतून चालणारे बहुतेक लोक ते न पाहताच निघून जातात.

[दृश्य : त्सुकुबुसुमा देवस्थान. सायप्रसच्या सालीचं छप्पर.]

ओसरी थेट शिंतो देवस्थानात उतरते. एका धर्माच्या देवळातून दुसऱ्याच्या देवळात, एकाच छपराखालून. 1868 पूर्वी हा भेद इथे नव्हताच. मेजी सरकारने बुद्ध आणि कामी, म्हणजे शिंतो देव, वेगळे करण्याचा हुकूम काढला, तेव्हा हे बेट कुणाचं हा प्रश्न आला. 927 साली पूर्ण झालेल्या ‘एन्गिशिकी’ या सरकारी नियमग्रंथातल्या देवस्थानांच्या यादीत त्सुकुबुसुमा हे नाव होतं, म्हणून इथे शिंतो देवस्थान करा असा आग्रह झाला. शेवटी दोन्ही राहिली. बेन्झाइतेनचं जुनं मंदिर देवस्थानाच्या वाट्याला गेलं. तीच आज समोर दिसणारी वास्तू, फुशिमी किल्ल्यातून आणलेली म्हणतात, आतली चित्रं कानो परंपरेची. देवीची मूर्ती वर होगोन-जीत गेली आणि तिला हक्काचं नवं मंदिर मिळायला 1942 साल उजाडलं. मघाशी 165 पायऱ्या चढून पाहिलं ते हेच. तेव्हा इथे दोन टाळ्या वाजवताना आणि वर नुसते हात जोडताना, आपण एकाच देवीच्या दोन पत्त्यांवर असतो.

[दृश्य : काठावरचा सज्जा. खाली तोरी, भोवती पांढऱ्या तुकड्यांचा खच.]

समोरच्या सज्जावरून मातीच्या पातळ बशा फेकतात, कावाराके. दोन मिळतात. एकीवर नाव, दुसरीवर मागणं लिहायचं. खालच्या तोरीतून बशी पलीकडे गेली तर मागणं पुरं होतं म्हणतात. बहुतेकांची पडते, कारण ते चेंडूसारखी वरून टाकतात. बशी आडवी धरा, मनगटाला झटका द्या आणि तोरीच्या किंचित वर नेम धरा, कारण ती जाताना खाली येते. तलावावरून समोर वारा येत असेल तर तो ओसरेपर्यंत थांबा. आणि मागणं लिहिलेली बशी दुसऱ्यांदा फेका. पहिलीवर अंदाज येतो.

बोट सुटण्याआधी दहा मिनिटं धक्क्यावर या.

[दृश्य : नागाहामा. काळ्या भिंतींची जुनी दुकानं.]

नागाहामाला तीस मिनिटं. खायचं इथे. भाजलेल्या बांगड्याच्या रसातल्या बारीक शेवया आणि भातात मुरवलेला तलावातला मासा, फुनाझुशी, या इथल्या दोन वस्तू. फुनाझुशी आंबट आणि उग्र असते. आधी एक फोड मागवा. शाकाहारी असाल तर नुसती भाजी दिसली तरी विचारा, रश्श्यात बहुधा माशाचं पाणी असतं. दिवसभराचं खाणं क्योतोहून बांधून आणणं सोपं. बंदरापासून नागाहामा स्टेशन दहा मिनिटांवर आहे, आणि तिथून क्योतोला जलद गाडी साधारण तासाभरात पोचते. उजव्या बाजूच्या खिडकीशी बसा. काही ठिकाणी घरांच्या फटींतून पाणी दिसतं.