केसपेपरवरची पहिली ओळ

(अपघातग्रस्तांच्या नुकसानभरपाईवर नाशिकमध्ये दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. संध्याकाळी सहा वाजता द्वारका चौकातली वाहनांची गर्दी ओलांडून इथवर आलात, म्हणजे विषयाची तोंडओळख वाटेतच झाली असेल.

सीबीएस बसस्थानकाजवळच्या आपल्या जिल्हा न्यायालयात मी वीसएक वर्षं अपघाताचे दावे चालवतो. आज कलमं पाठ करून घेणार नाही. एका ओळीची गोष्ट सांगतो, मग बाकीचं.

पिंपळगावकडचा एक तरुण. द्राक्षबागांत छाटणीच्या टोळीबरोबर जायचा. आडगावच्या अलीकडे हायवेवर त्याच्या मोटरसायकलला पिकअपने मागून ठोकलं. लोकांनी उचलून दवाखान्यात नेलं. बरोबर चुलता होता, पार गोंधळलेला. काउंटरवर विचारलं, काय झालं? चुलता म्हणाला, ‘गाडीवरून पडला.’ केसपेपरवर तेच उतरलं: मोटरसायकलवरून पडून इजा. पिकअपचा उल्लेख नाही.

चुलता खोटं बोलला का? नाही. पोरगा पडलाच होता. कशाने पडला, एवढंच राहून गेलं. तीन वर्षांनी पोरगा साक्षीला उभा राहिला, तेव्हा विमा कंपनीच्या वकिलांनी तो कागद त्याच्या हातात दिला. ‘हा केसपेपर तुमचाच ना?’ हो. ‘यात पिकअप कुठे लिहिलाय, दाखवा.’ पोरगा बराच वेळ कागद बघत राहिला. नसलेली गोष्ट दाखवणार कुठून? तो दावा आम्ही जिंकलो, पण त्यासाठी डॉक्टरांना साक्षीला बोलवावं लागलं, पंचांना शोधावं लागलं, आणि दीड वर्ष जास्त गेलं.

म्हणून दवाखान्यात तोंड उघडाल तेव्हा पूर्ण वाक्य बोला. ‘मागून पिकअपने धडक दिली.’ नंबर माहीत नसला तर नसू द्या, पण गाडी होती हे येऊ द्या. खासगी दवाखाना असला तरी एमएलसीची नोंद झाली का, हे विचारा. पोलिसांना कळवायची ती नोंद. ती टाळू म्हणणारे नातेवाईकच असतात. कशाला पोलिसांचं लफडं, म्हणतात. ते लफडंच पुढे तुमचा पुरावा होतं.

आता मुळात दवाखान्यात नेण्याविषयी. रस्त्यावर कुणी पडलेलं दिसलं की आपण आधी घड्याळ बघतो, मग आजूबाजूला. जखमीला मदत करणाऱ्याला २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातच संरक्षण आहे. नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार होण्याची सक्ती नाही. ११२ ला फोन करा आणि न्या. पैशांचं म्हणाल तर मे २०२५पासून केंद्राची योजना आहे: योजनेत असलेल्या रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार रोख न भरता. चूक कुणाची, हा प्रश्न तिथे येत नाही. काउंटरवर ही योजना तुम्हाला कुणी आपणहून सांगेलच असं नाही. तुम्ही नाव घेऊन विचारायचं.

पोलिसांकडे या. पेशंट आयसीयूत असेल तर घरचं कुणीही फिर्याद देऊ शकतं. चार दिवस उशीर झाला म्हणून दावा बुडत नाही. माणूस आधी जीव वाचवायला धावतो, पोलीस ठाण्यात नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये स्वच्छ म्हटलंय. पण उशीर झाला असेल तर त्याचं कारण फिर्यादीतच लिहून घ्या. एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे. घटनास्थळाचा पंचनामा होताना आपलं एक माणूस तिथे असू द्या. गाड्या हलवण्याआधी चार फोटो काढा, त्यात एक नंबरप्लेटचा. नंबर हाती असला की सरकारच्या एमपरिवहन ॲपवर त्या गाडीचा विमा चालू आहे का, ते पाच मिनिटांत कळतं. आणि रस्त्यालगतच्या दुकानांचे कॅमेरे! त्यातलं जुनं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. ते ताब्यात घ्या, असा लेखी अर्ज लगेच पोलिसांना द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं हवेत जातं.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. १ एप्रिल २०२२पासून पोलिसांवर बंधन आहे: पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, सविस्तर अहवाल ९० दिवसांत, आणि तो अपघाताचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे जायला हवा. तो अहवालच दावा म्हणून धरता येतो. म्हणून तपासी अंमलदाराला विचारत राहा. रागावून नाही, वही घेऊन. वही पाहिली की समोरचाही जरा नीट बोलतो, हा माझा अनुभव.

मात्र त्यावर विसंबून घरी बसू नका. त्याच तारखेपासून कायद्यात दाव्याला सहा महिन्यांची मुदत आली. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे. पण तिथे काय होईल ते होवो, तुम्ही सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करून मोकळे व्हा. उपचार चालू असले तरी चालतं, बिलं मागाहून लावता येतात. अपघात पुण्यात झाला आणि तुम्ही नाशिकला राहता, तर दावा नाशिकला करता येतो. पुण्याला फेऱ्या मारायची गरज नाही.

आता नाजूक विषय. ‘मिटवून घेऊ.’

अपघात झाला की तिसऱ्या दिवशी गाडीमालकाकडून कुणीतरी दवाखान्यात येतं. हातात शहाळी. ओळखीचं कुणीतरी मध्ये घातलेलं असतं. म्हणतात, आपलीच माणसं आहेत, वीस हजार घ्या, केस नको. आणि एका स्टँपपेपरवर सही. सहीच्या वेळी कुणालाही माहीत नसतं की त्या गुडघ्यावर आणखी दोन ऑपरेशनं होणार आहेत. अहो, मालकाच्या खिशातून काही जायचंच नाही! गाडीचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या इजेचा विमा, असेल तर भरपाई कंपनी देते. तो विमा कायद्याने सक्तीचा आहे, तो याचसाठी. ‘गरीब माणूस आहे बिचारा’ म्हणून तुम्ही दावा सोडता, तेव्हा त्या गरिबाचे नव्हे, विमा कंपनीचे पैसे वाचवता. दाव्यात तडजोड करू नका असं मी म्हणत नाही. दावा दाखल करा, मग राष्ट्रीय लोकअदालतीत बसून रीतसर तडजोड करा. तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून आकडा मान्य करण्याआधी एक रात्र झोपून विचार करा.

भरपाई ठरते कशी? इथे थोडं गणित करतो, कंटाळू नका.

तोच छाटणीवाला पोरगा धरा. वय ३४. उजव्या मनगटाची हाडं मोडलेली, प्लेट बसवलेली. दाखल्यावर त्या हाताचं अपंगत्व समजा ३० टक्के. कंपनी म्हणणार, हात ३० टक्के गेला, म्हणजे सगळ्या शरीराचा विचार केला तर आणखी कमी. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१०च्या ऑक्टोबरमध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सांगून ठेवलंय की शरीराचा टक्का वेगळा आणि कमाईचा टक्का वेगळा. डावा हात गेला तर सरकारी कारकुनाची नोकरी राहू शकते, सुताराचं किंवा ड्रायव्हरचं जवळजवळ सगळंच जातं. आमचा पोरगा साक्षीत एकच वाक्य बोलला: ‘कात्री धरता येते, दाबता येत नाही.’ ज्याने ऑक्टोबर छाटणी पाहिली आहे, त्याला यातलं सगळं समजलं. एकरभर बागेत दिवसभरात किती काड्यांवर कात्री दाबावी लागते, हे आम्ही टोळीच्या मुकादमाला साक्षीला आणून नोंदवून घेतलं. समजा, कमाईतली घट ४० टक्के धरली.

आता उत्पन्न. महिना १५ हजार सिद्ध झालं तर चाळिशीच्या आतल्या, स्वतःच्या हाताने कमावणाऱ्या माणसाला पुढच्या वाढीपोटी ४० टक्के मिळवतात. झाले २१ हजार. वर्षाचे दोन लाख ५२ हजार. वर्षाच्या कमाईला वयानुसार ज्या आकड्याने गुणतात तो गुणक; ३१ ते ३५ वयाला तो १६. गुणाकार ४० लाख ३२ हजार, त्याचे ४० टक्के म्हणजे १६ लाख १२ हजार ८००. आणि उत्पन्नाचा पुरावाच नाही म्हणून न्यायाधीशांनी आठ हजार धरले, तर हेच सगळं गणित आठ लाख ६० हजारांवर येऊन थांबतं. हात तोच, वेदना तीच. फरक साडेसात लाखांचा. तो फरक मुकादमाच्या वहीने पडतो. ज्या वहीत रोजचे रुपये लिहिलेले असतात, त्या वहीने. फोनपेवर आलेली मजुरी, सोसायटीतलं खातं, कंपनीत असाल तर पगारपत्रक आणि बिनपगारी रजेचा दाखला. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कंत्राटावर काम करणाऱ्यांनी तर हे आजच घरात जमवून ठेवावं. अपघातानंतर ठेकेदार फोन उचलत नाही.

घरकाम करणाऱ्या बाईचं उत्पन्न शून्य, असं अजूनही काही जण धरतात. न्यायालयं तसं धरत नाहीत. तिच्या कामालाही रक्कम लावली जाते. म्हणून ताई, ‘मी काही करत नाही, घरीच असते’ हे वाक्य साक्षीत बोलायचं नाही. पहाटे पाचपासून काय काय करता ते सांगायचं.

अपंगत्वाचा दाखला उपचार संपल्यावर घ्या, प्लेट आत असताना घाई नको. शक्यतो ज्यांनी ऑपरेशन केलं तेच डॉक्टर किंवा सिव्हिल हॉस्पिटलचं वैद्यकीय मंडळ. ज्याने पेशंट एकदाच पाहिला, त्याचा दाखला उलटतपासणीत टिकत नाही.

बिलांचं सांगतो. मेडिकलचं बिल ज्या गुळगुळीत कागदावर येतं ना, त्याची शाई उडते. दोन वर्षांनी मी फाइल उघडतो तेव्हा आत चाळीस कोरे कागद असतात. पेशंट शपथेवर सांगतो की हे बिल आहे! घेतल्या दिवशी झेरॉक्स काढा, मूळ बिलाला पिन लावून ठेवा. रिक्षाचं भाडं, फिजिओथेरपी, रात्री थांबायला ठेवलेला माणूस, सगळं एका वहीत तारखेनिशी. मेडिक्लेम असेल तर मूळ बिलं तिकडे जातात, तेव्हा आधी दवाखान्याच्या शिक्क्याच्या प्रती घ्या. मेडिक्लेमने दिलेले पैसे दाव्यातून वजा करायचे नाहीत, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२५मध्ये ठरवलंय, पण प्रतीच नसतील तर त्या निकालाचा उपयोग काय?

माझ्याच व्यवसायाविषयी एक कडू गोष्ट. दवाखान्याच्या व्हरांड्यात ‘क्लेम करून देतो, तीस टक्के आमचे’ म्हणणारे फिरतात. भरपाईत हिस्सा ठरवणं वकिलाला बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे, आणि गिऱ्हाईक शोधत फिरणंही. फी ठरवा, पावती घ्या, कोऱ्या कागदावर आणि कोऱ्या चेकवर सही करू नका. वकील परवडत नसेल तर न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

चिठ्ठ्या आल्यात, भराभर घेतो. हेल्मेट नव्हतं तर दावा जातो का? जात नाही. डोक्याला मार असेल तर रक्कम कापली जाऊ शकते. पाय मोडला असेल तर हेल्मेटचा संबंध काय, हे विचारायला तुमचा वकील आहेच. रिक्षात बसले होते, रिक्षा आणि कार दोघांचीही चूक? प्रवाशाने कुणाची किती, याच्या हिशेबात पडायचं नाही, दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण भरपाई मागता येते. ठोकून पळाला, गाडी सापडलीच नाही? तहसीलदार किंवा प्रांताकडे अर्ज करायचा. गंभीर दुखापतीला ५० हजार, मृत्यू झाला तर दोन लाख. थोडे आहेत, पण लोक तेही मागत नाहीत.

शेवटची चिठ्ठी एका ताईंची आहे. मिस्टर गंगापूर रोडला खडीवरून स्वतःच घसरले, दुसरी गाडी नव्हती, हाताला अपंगत्व आलंय. ताई, इथे थर्ड पार्टीचा दावा बसत नाही, कारण समोर कुणी नाही. पण गाडी मिस्टरांच्याच नावावर असेल आणि लायसन्स चालू असेल, तर मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असायला हवा. त्यात साध्या फ्रॅक्चरला काही मिळत नाही. एक हात पूर्ण निकामी झाला असेल तर निम्मी रक्कम मिळते. घरी गेल्यावर पॉलिसी काढा आणि ‘पीए’ (पर्सनल ॲक्सिडेंट) या अक्षरांपुढे हप्ता भरलेला आहे का बघा. असला तर उद्या अकराच्या आत कोर्टात या, मी तळमजल्यावरच असतो. डिस्चार्ज कार्डही आणा. त्यावर काय लिहिलंय, ते मला आधी वाचायचंय.