मुधोळ : धाव आणि वंशावळ

पहाटेच्या उजेडात, काढणी झालेल्या ज्वारीच्या रानातून ही मुधोळ जातीच्या शिकारी कुत्र्याची मादी धावते आहे. चित्राचा वेग कमी केला की प्रत्येक झेपेत तिचे चारही पाय दोनदा जमीन सोडताना दिसतात : एकदा ते पोटाखाली गोळा होतात तेव्हा आणि एकदा पूर्ण ताणले जातात तेव्हा. खोल छाती, आत ओढलेले पोट आणि लांब निमुळते डोके ही वासावर नव्हे, तर नजरेवर शिकार करणाऱ्या कुत्र्याची बांधणी आहे, आणि ती आपोआप टिकलेली नाही.

घटप्रभेच्या काठचे मुधोळ आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. पूर्वी ते घोरपडे घराण्याचे संस्थान होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मालोजीराव घोरपडे यांनी परिसरातील बेडर समाजातील शिकाऱ्यांकडची कुत्री पाहिली, त्यांतली उत्तम नर-मादी निवडली आणि पैदाशीला शिस्त लावली. त्यांनी ब्रिटनचे राजे पंचम जॉर्ज यांना एक जोडी भेट दिल्यानंतर मुधोळचे नाव इंग्लंडपर्यंत पोहोचले. महाराष्ट्रात, विशेषतः लातूर भागात, याच जातकुळीची कुत्री कारवान म्हणून पाळली जातात आणि कानाशेपटीला लांब केस असलेल्यांना पश्मी म्हणतात.

बाजेवर उघडी ठेवलेली पैदासकारांची ही वही पाहा. प्रत्येक पानावर आई, बाप, आजी, आजोबा, वेताची तारीख आणि पिल्लांची संख्या आहे. त्याखाली कोणते पिल्लू मोकळ्या रानात सरळ धावले आणि कोणते लवकर दमले, याची नोंद आहे. जोडी ठरवताना हे पैदासकार आधी धाव पाहतात, मग दम, मग स्वभाव. रंगाचा विचार सर्वांत शेवटी होतो, आणि तो तिथेच असायला हवा, कारण प्रदर्शनात नजरेत भरणारे कुत्रे रानात टिकेलच असे नाही.

या वहीचे खरे काम नाती ओळखण्याचे आहे. सख्ख्या भावंडांच्या जोडीतून झालेल्या पिल्लांत अंतःप्रजननाचे, म्हणजे जवळच्या नात्यातून होणाऱ्या पैदाशीचे, प्रमाण 25 टक्के असते, सावत्र भावंडांत 12.5 टक्के आणि चुलत भावंडांत 6.25 टक्के. जवळच्या नात्यात जुगवले की हवे ते गुण लवकर पक्के होतात, पण दडलेले दोषही तितक्याच लवकर वर येतात, वेत लहान होते आणि पिल्ले अशक्त निघतात. म्हणूनच ही मादी माजावर आली तेव्हा दारातला देखणा नर बाजूला ठेवून दूरच्या गावातला, वेगळ्या वंशाचा नर निवडला गेला.

सुमारे 63 दिवसांनी ही सात पिल्ले झाली. ओळखण्यासाठी प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाचा सैलसर दोरा आहे आणि रोज सकाळी किराणा दुकानातल्यासारख्या तराजूवर त्यांचे वजन होते. पैदाशीसाठी न राखलेली पिल्ले शेतराखणीला दिली जातात.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधने आली. त्यानंतर 2005 साली या कुत्र्याचे टपाल तिकीट निघाले, मुधोळजवळ तिम्मापूर येथे संशोधन केंद्र उभे राहिले आणि पिल्ले लष्कराच्या मेरठ येथील केंद्रात प्रशिक्षणासाठी गेली.

लाल दोऱ्याचे पिल्लू तराजूतून उतरते आहे. वहीत त्याच्या आईबापांची नावे लिहून झाली आहेत. धावेचा रकाना अजून कोरा आहे.