पानाची रुंदी कोणी ठरवायची?

(दृश्य: पांढरं पान, काळी अक्षरं, निळ्या लिंक. चित्र नाही, मेनू नाही.)

हे १९९१ सालचं पान. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत उभारलेल्या वर्ल्ड वाइड वेबचं पहिलं पान. ही त्याची जपून ठेवलेली प्रत. दिसायला अगदीच साधं. आता विंडोची कड धरून ती अरुंद करू या.

(विंडो हळूहळू अरुंद होते.)

बघा. ओळी मोडल्या, खाली सरकल्या, पण एकही शब्द कापला गेला नाही. विंडो रुंद केली की पुन्हा पसरल्या. या पानाला स्वतःची रुंदीच नाही. मिळेल तेवढ्या जागेत ते राहतं.

मग छापील पानाची सवय असलेली मंडळी वेबवर आली. त्यांना मथळा नेमका इथेच हवा होता आणि चित्राशेजारचा मजकूर नेमका एवढाच. वेबपान लिहायच्या एचटीएमएल या भाषेकडे त्यासाठी साधन नव्हतं. मग आकडेवारीसाठी दिलेलं टेबल त्यांनी मांडणीसाठी जुंपलं. एका टेबलात दुसरं, दुसऱ्यात तिसरं. मोकळी जागा हवी असेल तिथे एका पिक्सेलचं, म्हणजे स्क्रीनवरच्या एका ठिपक्याएवढं, पारदर्शक चित्र टाकायचं आणि हवं तेवढं ताणायचं. आज हसू येतं. पण त्या वेळी हाताशी दुसरं होतं तरी काय?

(दृश्य: जुने, पाठीला फुगीर मॉनिटर.)

स्क्रीनचे आकडेही तेव्हा मोजकेच. ६४० × ४८०, मग ८०० × ६००, मग १०२४ × ७६८. पानं या मापांनी बेतली जायची आणि तळाशी सूचना असायची : ‘हे संकेतस्थळ ८०० × ६०० वर उत्तम दिसते.’ म्हणजे पान मावलं नाही, तर दोष तुमच्या मॉनिटरचा! पुढे १०२४चे मॉनिटर सर्रास झाले आणि ९६० पिक्सेल ही रुंदी रूढ झाली. स्क्रोलबारला जागा उरते, शिवाय ९६०ला २, ३, ४, ५, ६, ८, १०, १२, १६ अशा कितीतरी संख्यांनी पूर्ण भाग जातो. कॉलम पाडायला सोपं. डिझायनर खूश. विंडो लहान करून बसलेला वाचक मात्र आडवा स्क्रोल करत राहिला.

कुठल्याही रुंदीत मावणं ही वेबपानाची उणीव नसून ताकद आहे, असं वेब डेव्हलपर जॉन ऑलसॉप यांनी २००० सालीच लिहिलं होतं. वाचलं पुष्कळांनी, मनावर घेतलं थोड्यांनी.

(दृश्य: हातातला फोन, त्यावर पूर्ण आकाराचं, मुंगीएवढ्या अक्षरांचं पान.)

२००७. पहिल्या आयफोनची स्क्रीन ३२० × ४८०. त्यात ९६०चं पान कसं मावणार? फोनने सरळ थाप मारली : ‘माझी रुंदी ९८० आहे.’ पान त्या काल्पनिक रुंदीत मांडायचं आणि मग आकसून दाखवायचं. वाचणाऱ्याने दोन बोटांनी मोठं करावं. ज्याला फोनची खरी रुंदी हवी, त्याने आपल्या कोडमध्ये व्ह्यूपोर्टची, म्हणजे पान किती रुंदीत मांडायचं ते सांगणारी, एक ओळ घालायची. ती ओळ आजही घालावी लागते. आणि गंमत बघा, आपण सुरुवातीला पाहिलेल्या त्या जुन्या पानात ही ओळ असणार कुठून? त्यामुळे कुठल्याही विंडोत मावणाऱ्या त्या बिचाऱ्या पानालाही फोन तीच थाप मारतो.

तीन वर्षांनी आयफोन ४ आला. काच तेवढीच, पण तिच्यावर ६४० × ९६० पिक्सेल. आडवे दुप्पट, उभे दुप्पट. मग आधीच्या पानांवरची अक्षरं निम्मी व्हायला हवी होती. झाली नाहीत. कारण सीएसएस या पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेतला पिक्सेल म्हणजे काचेवरचा ठिपका नव्हे. हातभर अंतरावरून डोळ्यांना केवढं दिसेल, यावर बेतलेलं ते माप आहे. नवा फोनही आपली रुंदी ३२०च सांगत राहिला. फक्त एकेक पिक्सेल चार ठिपक्यांनी रंगवू लागला.

म्हणून ‘कुठल्या रिझोल्यूशनसाठी डिझाइन करू?’ हा प्रश्न मला फसवा वाटतो. ठिपके किती दाट आहेत याची चिंता फोटोंच्या बाबतीत करावी; दाट स्क्रीनला मोठी फाइल द्यावी लागते. मांडणीला लागते ती रुंदी.

त्याच वर्षी, मे २०१० मध्ये, वेब डिझायनर ईथन मार्कोट यांनी, पानाने मिळेल त्या रुंदीत मावावं, या विचाराला नाव दिलं : रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन. कॉलम टक्क्यांत मोजायचे. ९६०मधला ३०० पिक्सेलचा कॉलम म्हणजे ३१.२५ टक्के. चित्रं आपल्या चौकटीबाहेर जाऊ द्यायची नाहीत. आणि मीडिया क्वेरी, म्हणजे रुंदी तपासणारी अट, लिहून ठराविक रुंदीनंतर मांडणी बदलायची. पुढे सीएसएसमध्ये फ्लेक्सबॉक्स हे मांडणीचं साधन आलं, २०१७मध्ये ग्रिड हे दुसरं साधन मोठ्या ब्राउझरांत पोचलं आणि टक्क्यांची ती आकडेमोड बरीचशी सुटली.

पण मांडणी बदलायची कुठे? एके काळी मी फोनच्या मापांची यादीच भिंतीवर लावली होती. नवा फोन आला की यादी शिळी. त्यापेक्षा असं करा.

(विंडो अगदी अरुंद, मग हळूहळू रुंद होत जाते.)

अरुंद विंडोपासून सुरुवात करा आणि ओढत न्या. ओळ लांबत जाते. पंचाहत्तर-ऐंशी अक्षरांपुढे गेली, की डोळा पुढच्या ओळीचं टोक शोधताना चुकतो. थांबा. बदल इथे हवा. तिथे कुठल्याही फोनचं माप जुळत नसेल, तरीही.

(दृश्य: मोठा मॉनिटर. झूम २०० टक्के, ३००, ४००.)

आता हे पाहा. मॉनिटर १२८० पिक्सेल रुंद आहे आणि समोर बसलेल्या व्यक्तीला कमी दिसतं. झूम ४०० टक्के. पानाच्या वाट्याला उरली ३२० रुंदी. म्हणजे टेबलावरच्या मॉनिटरला फोनची मांडणी मिळाली. २०१८च्या डब्ल्यूसीएजी २.१ या सुगम्यतेच्या निकषांत हाच आकडा आहे : उभ्या वाचल्या जाणाऱ्या पानाला ३२० रुंदीत आडवा स्क्रोल लागू नये.

नकाशांना मात्र यातून सूट आहे. आणि आकडेवारीच्या टेबलालाही. मांडणीच्या कामातून सुटून ते आता आपल्या मूळ कामावर परतलंय. पण बारा कॉलमांचं टेबल फोनवर कसं दाखवायचं, यावर अजून वाद चालतात. काही जण प्रत्येक रांगेचं वेगळं कार्ड करतात, मग दोन रांगांची तुलना हरवते. मी टेबल तसंच ठेवतो, फक्त तेवढंच आडवं सरकू देतो आणि पहिला कॉलम जागेवर रोवून ठेवतो.

(बोट टेबल डावीकडे सरकवतं. पहिला कॉलम हलत नाही.)