एक मियाटा, दोन हेल्मेट

[पहाट. मागच्या काचेतून दिसणारा ट्रेलर.]

दोन सीटची गाडी, दोन माणसं, आणि मागे हातगाडीएवढा ट्रेलर. ट्रेलरवर शर्यतीचे चार टायर, जॅक आणि डब्यांची पिशवी. शिकागोहून लिंकन, नेब्रास्का, ऑटोक्रॉसच्या स्पर्धेला. आय-80 महामार्गावरून साडेआठशे किलोमीटरच्या आसपास. गाडी 2016 ची माझदा मियाटा. वजन जेमतेम साडेदहा क्विंटल, ताकद 155 अश्वशक्ती. कागदोपत्री माझी. शनिवार-रविवारपुरती अर्धी माझ्या मित्राची.

[मोकळं काँक्रीट, लांबवर केशरी ठिपके.]

हा एके काळी हवाई दलाचा तळ होता. 1966 मध्ये तो बंद झाला. त्याच्या काँक्रीटवर आता केशरी कोन, म्हणजे प्लास्टिकचे शंकू, मांडतात. एससीसीए, म्हणजे स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, ही अमेरिकेतली जुनी, 1944 ची मोटारक्रीडा संघटना. तिची राष्ट्रीय सोलो, म्हणजे ऑटोक्रॉसची, स्पर्धा 1973 पासून होते, आणि 2009 पासून ती लिंकनलाच भरते. आम्ही आलोय ते तिच्याच धाकट्या भावंडाला, दोन दिवसांच्या स्पर्धेला.

आपल्याकडे ऑटोक्रॉस म्हटलं की धुरळा डोळ्यांसमोर येतो. इथे धुरळा नाही. शेजारी भिडणारी गाडीही नाही. लढत घड्याळाशी. मार्ग साधारण मिनिटभराचा. पहिल्या गिअरमध्ये सुटायचं, दुसरा टाकायचा, की बहुतेक वेळ तिथेच. रोज तीन फेऱ्या, त्यातली सर्वांत चांगली धरायची. दुसऱ्या दिवशी मार्ग नवा. शेवटी दोन्ही दिवसांची बेरीज.

[दोघं उकिडवे बसलेले, कोनांच्या उंचीवरून बघताहेत.]

हे दोघे काही हरवलेलं शोधत नाहीयेत. मियाटात बसल्यावर डोळे इतकेच खाली असतात, म्हणून. सरावाची फेरी इथे मिळत नाही. मार्ग पायी फिरूनच पाठ करायचा. आम्ही पाच वेळा फिरलो. उभ्या कोनाशेजारी एक कोन आडवा निजवलेला असतो. त्याचं टोक सांगतं, गाडी कुठल्या बाजूने न्यायची.

[कोनाच्या पायाभोवती खडूची चौकट.]

ही चौकट नीट बघा. कोन पडला, किंवा उभाच राहून पूर्ण चौकटीबाहेर सरकला, तर वेळेत 2 सेकंद वाढतात. सरकला पण पाया रेघेला शिवतोय, तर माफ. इथे निकाल सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात, तेव्हा 2 सेकंद म्हणजे दिवस गेल्यातच जमा.

[दरवाजा उघडतो. सीट मागे सरकते.]

आणि हा आमचा खरा खेळ. मी पाच फूट चार, तो सहाला टेकलेला. माझी फेरी संपली की सीट चार खाचा मागे, माझी पाठीमागची उशी बाहेर. दारावर 42 चिकटवलेलं आहे. त्याच्या आधी चुंबकाचा 1 हा आकडा लावला की झाले 142, म्हणजे तो. हँडब्रेक ओढायचा नाही, ब्रेक तापलेले असतात. गाडी गिअरमध्ये ठेवून उतरायचं. हेल्मेट मात्र ज्याचं त्याचं. पहिल्या दिवशी पहिल्याच फेरीनंतर चुंबक लावायचा राहिला. रांगेतला कार्यकर्ता बोट दाखवत ओरडला, म्हणून वाचलो.

[फवारणीचा पंप. टायरवर पाणी, वाफ.]

एकाच गाडीवर दोघं म्हणजे टायरला विसावा नाही. सकाळी गार टायर पहिल्याला नडतात, दुपारी तापलेले दुसऱ्याला. म्हणून पहिला कोण, ते रोज आलटून-पालटून. शनिवारी मी, रविवारी तो. ऊन चढलं की हा पंप. नाशिकला घरी द्राक्षांवर मारतो, अगदी तसलाच. बाबांना फोटो पाठवला, तर त्यांचा फोन: "कसलं औषध मारतोयस रे?"

दुसऱ्याला आणखी एक फायदा असतो, तो म्हणजे पहिल्याच्या चुका.

[गाडीतला कॅमेरा. शनिवार, दुसरी फेरी.]

"मोठ्या वळणाला लय लवकर ब्रेक दाबलास, लेका. थांब, दाखवतो."

[तेच वळण. गाडी गोल फिरते, थांबते.]

दाखवलं त्याने.

निम्मे लोक गाडी चालवतात तेव्हा उरलेले मार्गावर उभे राहून पडलेले कोन उचलतात. ती पाळी आम्हीही केली. तिथे हातात कॅमेरा चालत नाही.

[वही. पानावर दोन रकाने.]

मोटारस्पोर्ट म्हणजे श्रीमंतांचं काम, असं मला किती जणांनी ऐकवलंय. त्यांनी हे पान बघावं. टायर निम्मे-निम्मे, पेट्रोल निम्मं-निम्मं, खोली एक. प्रवेश फी ज्याची त्याने. ज्याच्या हातून मोडेल, त्याने भरायचं. ही ओळ आम्ही पहिल्याच पानावर लिहिली, दोघांनी सही केली. ट्रॅकवर जाऊन मोठ्या वेगात शिकण्यापेक्षा हे बरं, इथे चुकलं तर बहुधा प्लास्टिकचा कोनच मरतो. नव्याने शिकणाऱ्याला याहून स्वस्त जागा मला तरी माहीत नाही. टायर दुप्पट वेगाने झिजतात, हेही खरं.

[रविवार, तिसरी फेरी. बाहेरून.]

कोनांची नागमोडी. शेवटून दुसरा.

[कोन बंपरखाली. गाडी त्याला फरफटत शेवटच्या रेषेपार नेते.]

माझी सर्वांत वेगवान फेरी, अधिक 2. धरली गेली आधीची, संथ पण स्वच्छ. बेरजेत तो माझ्या 0.6 सेकंद पुढे. आमच्या दोघांच्याही पुढे बरेच जण.

[बंपरवर केशरी ओरखडा. ओला फडका. ओरखडा तसाच.]

[संध्याकाळ. शर्यतीचे टायर पुन्हा ट्रेलरवर.]

आयोवातल्या पेट्रोल पंपावर चालक बदलला. सीट चार खाचा पुढे. तो शेजारी झोपलाय, मांडीवर चुंबकाचा एक आकडा.