पूर्वेकडे निघालेला कवी

नमस्कार श्रोतेहो.

येहूदा हालेवी हा बाराव्या शतकातला स्पेनमधला हिब्रू कवी. पेशानं वैद्य. गोतावळा मोठा, नाव झालेलं, कशाची ददात नाही. तरी तो लिहितो: माझं काळीज पूर्वेला आणि मी पश्चिमेच्या पार टोकाला, मग घासाला चव कशी लागावी?

ही पूर्व म्हणजे जेरुसलेम. १०९९ पासून ते क्रुसेडरांच्या, म्हणजे युरोपातून आलेल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या ताब्यात होतं आणि ज्यूंना तिथे राहायला मनाई होती. दूरदेशीच्या ज्यूंसाठी ते प्रार्थनेला तोंड करायची दिशा होऊन बसलं होतं, जिवाच्या ओढीचं एक नाव. हालेवीही प्रतीकांतूनच बोलतो. झायनच्या, म्हणजे जेरुसलेमच्याच, दुःखावर रडताना तो स्वतःला कोल्हा म्हणवतो. तिची लेकरं परतल्याचं स्वप्न पडलं की तिच्या गाण्यांसाठी वाजणारी वीणा होतो. पण नुसत्या प्रतीकावर त्याचं भागलं नाही, आणि म्हणूनच मला तो इतका थोर वाटतो.

उतारवयात तो खरोखर निघाला. या प्रवासाच्या ध्यासातून आलेल्या कवितांत समुद्र अगदी खराखुरा आहे आणि माणसाच्या अहंकाराची परीक्षाही आहे: वादळात कसलेल्या खलाशांचं शहाणपण संपतं, तिथे प्रार्थनेखेरीज काही उरत नाही. बागा, मालमत्ता सुटल्याचं त्याला दुःख नाही. एकुलत्या लेकीचं आणि तिच्या मुलाचं, छोट्या येहूदाचं नाव निघतं तेव्हा मात्र त्या ओळी वाचताना गलबलून येतं. यात्रेची खरी किंमत तिथे कळते.

पुढची हकीकत कैरोच्या जुन्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, सापडलेल्या पत्रांतून कळते. त्यातली काही पत्रं त्याचा मित्र हल्फोन बेन नेतानेल याला लिहिलेली आहेत. या हल्फोनचा व्यापार थेट हिंदुस्थानापर्यंत चालायचा! हालेवी सप्टेंबर ११४० मध्ये अलेक्झांड्रियाला पोचला. पुढच्या मे महिन्यात तो जेरुसलेमच्या वाटेवर पुन्हा जहाजावर चढला, पण वारा फिरेना, म्हणून जहाज बंदरातच खोळंबलं. जटामांसी आणि सफरचंदाच्या गंधाचा म्हणून कवितेत ज्याला गौरवलं होतं, तो पश्चिमेचा वारा अखेर सुटला, आणि जहाज हललं. त्याच उन्हाळ्यात हालेवी वारला. जेरुसलेमच्या वेशीवर घोडेस्वारानं त्याला तुडवल्याची कथा सोळाव्या शतकातली आहे. तिच्यावर मी विसंबत नाही.

झायनला हाक मारणारी त्याची विलापिका अनेक सिनेगॉगांत हिब्रू पंचांगातल्या अव महिन्याच्या नवमीला, जेरुसलेमच्या प्राचीन मंदिराच्या विध्वंसाच्या दिवशी, जमिनीवर बसून म्हटली जाते. आपल्या कोकणातले मराठी ज्यू, बेने इस्राएल, त्या दिवसाच्या उपासाला बिरड्याचा रोजा म्हणतात.