प्रश्न विचारण्याआधी

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एखाद्या अभ्यासिकेत बसून प्रोग्रामिंग शिकणारा मुलगा अडला, की रात्री उशिरा एखाद्या ऑनलाइन समूहावर लिहितो : ‘सर, अर्जंट आहे, प्रोग्राम चालत नाही, प्लीज मदत करा.’ सोबत मोबाइलवर काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो असतो. उत्तर आले नाही, की समूहातली माणसे शिष्ट आहेत, असे त्याला वाटू लागते. खरे तर ती माणसे आपला वेळ फुकट द्यायला तयार असतात. परंतु कोणत्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे, हेच त्या संदेशातून कळत नाही.

एक उदाहरण नीट पाहू. दूध संस्थेच्या सभासदांची मराठी यादी वाचून बिले काढणारा, पायथॉन या भाषेत लिहिलेला प्रोग्राम विंडोजवर मध्येच थांबतो. एररच्या शेवटच्या ओळीत लिहिलेले असते, की ‘८डी’ हा बाइट, म्हणजे फाइलमधला साठवणीचा एक छोटा तुकडा, वाचता येत नाही. हीच ओळ फोटोऐवजी टेक्स्ट म्हणून चिकटवली, तर जाणकाराला ती शोधता येते आणि निम्मे काम तिथेच होते. त्यानंतर हजार नावांची यादी बाजूला ठेवून एकाच शब्दाची फाइल करून पाहावी. ‘कागल’ लिहिले तर प्रोग्राम थांबत नाही, फक्त विचित्र रोमन अक्षरे दाखवतो. ‘कोल्हापूर’ लिहिले की अडतो. कारण ‘ल्हा’मधल्या ‘ल’चा पाय मोडणाऱ्या चिन्हाच्या तीन बाइटांपैकी शेवटचा ‘८डी’ आहे आणि विंडोजच्या १२५२ या जुन्या कोडपेजमध्ये, म्हणजे कोणत्या बाइटचे कोणते अक्षर हे सांगणाऱ्या तक्त्यात, त्या जागी अक्षरच नाही. फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरे बाइटांत साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८, म्हणजे मराठीही सामावणारे, आहे, एवढे सांगितले की यादी सरळ वाचली जाते. लिनक्सवर यूटीएफ-८ सहसा गृहीतच धरलेले असल्यामुळे तोच प्रोग्राम तिथे विनातक्रार चालतो. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम आणि पायथॉनची आवृत्ती प्रश्नात लिहायलाच हवी.

याहून मोठी चूक वेगळीच असते. मूळ अडचण न सांगता ‘फाइलमधून ८डी बाइट कसा काढून टाकू?’ एवढेच विचारले आणि कोणी तेवढेच उत्तर दिले, तर एरर जाईल खरी, पण यादीतल्या सभासदांची नावे कायमची बिघडतील. आपल्याला शेवटी काय साधायचे आहे, हे पहिल्याच वाक्यात यावे.

मागणाऱ्याने आपली स्थिती आधी मांडावी, याचा एक चांगला दाखला आहे. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी मिनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या न्यूजग्रुपवर, म्हणजे ऑनलाइन चर्चागटावर, आपल्या नव्या ऑपरेटिंग सिस्टिमविषयी सूचना मागितल्या. हीच पुढे लिनक्स झाली. बॅश १.०८ आणि जीसीसी १.४० हे प्रोग्राम तिच्यावर आणले आहेत, एटी प्रकारच्या हार्डडिस्कखेरीज दुसरे काही बहुधा चालणार नाही, हे त्यांनी त्याच पत्रात सांगितले होते. वाचणाऱ्याला अंदाज बांधत बसावे लागले नाही.

सभासदांचे खाते क्रमांक आणि पासवर्ड मात्र प्रश्नात कधीही टाकू नयेत. त्यांच्या जागी खोटी माहिती भरावी. कॉलेजची असाइनमेंट असेल तर तसे स्पष्ट सांगावे. तोच प्रश्न दुसरीकडेही विचारला असेल, तर तेही कळवावे, म्हणजे दोन अनोळखी माणसे एकाच कामात रात्र घालवणार नाहीत.

आणि अडचण सुटल्यावर ‘झाले, थँक्स’ एवढ्यावर थांबू नये. कोणत्या ओळीने काम झाले, ती ओळ तिथेच खाली लिहावी. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाची मराठी यादी अशीच अडली, तर तो नेमकी तीच ओळ शोधत येणार आहे.